डावी बाही

त्या राज्यात राजा होणं सोपं होतं. राजा म्हणून म्हातारं होणं मात्र कुणाला जमत नव्हतं. थोरला राजा अंथरुणावर, पोराबाळांच्या देखत, रीतसर मेला, तो शेवटचाच. त्याला तीन मुलगे. पहिला गादीवर बसला आणि घोड्यावरून पडला. घोडा तरी कसला, नुसती गरीब गाय. महालातली सगळी पोरं त्याच्याच पाठीवर बसायला शिकलेली. पण पडला म्हणाले, म्हणजे पडला. मधला एका संध्याकाळी पोटभर जेवला आणि सकाळी उठलाच नाही. कुणी म्हणे हे सेनापतीचं काम, कुणी म्हणे चुलतराजांचं. चुलतराजे म्हणजे थोरल्या राजाचा धाकटा भाऊ, सगळा कारभार त्याच्या मुठीत. दोघांनीही केलं असेल, आळीपाळीने. आता धाकटा गादीवर होता, आणि महालातली माणसं त्याच्याकडे चार दिवसांच्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती.

महालाच्या मागच्या अंगाला, धुणं वाळत घालायच्या गच्चीला लागून, शिवणाची खोली होती. तिथे शिंपीण बसायची. लग्न होऊन आली ती याच खोलीत, आणि सासूच्या हाताखाली टाके घालता घालता म्हातारी झाली. नवरा गेला, सासू गेली. आता ती आणि तिची विधवा नणंद. नणंदेला ती वन्सं म्हणायची. वन्सं सुईत दोरा ओवायची, काजं करायची आणि दिवसभर बोलायची. तिचं तोंड बंद पडलं की शिंपीण मान वर करून बघायची, बाई जिवंत आहे ना म्हणून.

या दोघींच्या ताब्यात राजवस्त्र होतं. राजघराण्यात वस्त्र एकच. जुनं, जाड, मातकट लाल रंगाचं, दिसायला काही फार नाही. पण गादीवर बसायचं तर ते अंगात घालूनच. राजा जाडा असो की काटकुळा, नवं शिवायचं नाही. आहे तेच त्याच्या मापाचं करायचं. जादा कापड कापायचं नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. पुढचा राजा अंगाने मोठा निघाला की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. मग भर सभेत वस्त्र चढवायचं, आणि राजाने डाव्या हातात राजदंड धरून उभं राहायचं. बाहीतून पाचही बोटं दिसली पाहिजेत. बाही बोटांवर आली, किंवा खांद्यावर कापड ताणलं, तर वस्त्राने नाकारलं म्हणायचं. मग तो माणूस जन्मात राजा होत नाही. चुलतराजांच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी शिकारीत गेली होती. म्हणून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनाच गादीवर बसवलं आणि दुसऱ्यांनाच उतरवलं.

माप मात्र शिंपिणीने घ्यायचं नाही. माप येतं बंद पेटीतून, गाठी मारलेल्या सुतळीचं. एक गाठ खांद्याची, एक छातीची, एक उंचीची, दोन बाह्यांच्या दोन. ते कुणाचं ते सांगायचं नाही, विचारायचं नाही. सुतळी आली की शिवणाच्या खोलीला बाहेरून कडी लागते, आणि ती उघडते थेट राज्याभिषेकाच्या सकाळी. तोवर जेवणसुद्धा खिडकीतून.

चुलतराजे पेटी घेऊन आले ती भर दुपार होती. वन्सं दोऱ्याचा गुंता सोडवत बसली होती. खाली चौकात धाकटा राजा कुत्र्यांना चेंडू फेकत होता आणि मोठमोठ्याने हसत होता.

"शिंपीणबाई, काम आलंय," चुलतराजे म्हणाले आणि पेटी तिच्यापुढे ठेवली.

शिंपिणीने पेटीकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. खालून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

"राजेसाहेब तर..." ती म्हणाली आणि जीभ चावली.

"राजेसाहेब काय?"

"काही नाही, चुलतराजे. बरे आहेत ना, म्हटलं."

"आज तरी बरे आहेत," चुलतराजे म्हणाले. कसला राग नाही, धमकी नाही. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं. "आणि हे बघ. यावेळी माया ठेवायची नाही. जादाचं कापड कापून टाक. अंग लहान आहे, ओझं होईल त्याला. कापलेले तुकडे माझ्याकडे पाठव, मला बघायचेत."

"कापू? वस्त्र? ते आजवर कुणी..."

"कुणी नाही, म्हणून तू," ते म्हणाले, आणि बाहेरून कडी लागली.

वन्संने हातातला गुंता खाली ठेवला.

"वहिनी," ती कुजबुजली, "तो खाली हसतोय हो."

"ऐकू येतंय मला."

"म्हणजे अजून मारायचाय त्याला. आणि आपल्याला आधीच माहीत झालंय. आता आपल्याला तरी कशाला जिवंत सोडतील?"

"वस्त्र शिवून होईपर्यंत सोडतील," शिंपीण म्हणाली. "ओरडून सांगावं म्हटलं तर खिडकीखाली पहारेकरी कुणाचा आहे? चुलतराजांचा. सुतळी काढा बाहेर."

सुतळी जमिनीवर ताणून ठेवली. लहान पोराचं माप, सात-आठ वर्षांच्या. शिंपिणीची बोटं एकेक गाठ चाचपत पुढे गेली. खांदे, छाती, उंची. उजवी बाही. मग डावी बाही, आणि तिथे तिची बोटं थबकली. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड होती.

असं पोर सगळ्या राज्यात एकच होतं, आणि ते सकाळी तिच्याच हातची भाकरी खाऊन गेलं होतं.

त्याचं असं. शिंपिणीला एकच मुलगी. ती मधल्या राजाच्या महालात दिवे लावायच्या कामाला होती. पुढचं सांगायला नको. पोर झालं आणि ती गेली. पोराचा बाप कोण ते शिंपिणीला माहीत, वन्संला माहीत, तिसऱ्या कुणाला नाही, असं दोघी धरून चालल्या होत्या. पोर दोऱ्याच्या रिळासारखं घरभर गडगडायचं, म्हणून त्याचं नाव पडलं रिळ्या. गच्चीच्या कठड्यावरून एकदा पडला, डावा हात मोडला. हाडवैद्याने बसवला, पण वाकडा बसवला. हात वाढलाच नाही नीट. शिंपीण त्याच्या सदऱ्याची डावी बाही नेहमी आखूड बेतायची. रोज सकाळी त्याला धोबिणीकडे सोडायची आणि कामावर यायची. आजही तसंच सोडून आली होती.

"वन्सं," ती म्हणाली. तिने फक्त त्या दोन गाठींवर बोट ठेवलं.

वन्संने बघितलं आणि तोंडावर पदर दाबला. "अगं बाई गं! धरला त्याला. माप घेतलं म्हणजे धरलाच की!"

"हळू बोला."

"मधल्या राजाचं रक्त आहे हे कळलं कसं मेल्यांना?"

"कळलं कसं याने आता काय फरक पडतो? कळलंय."

वन्सं रडायला लागली. पण ती रडताना पण बोलायची. "एका अर्थी नशीब म्हणा, वहिनी. आपल्या रिळ्याच्या डोक्यावर मुकुट. तुमची मुलगी असती तर..."

"मुकुट?" शिंपिणीने कात्री उचलली आणि तिच्यासमोर धरली. "मला काय सांगितलं त्यांनी? माया ठेवू नकोस. कापून टाक. सात वर्षांचं पोर आहे, वन्सं. पोराच्या अंगाचा कपडा शिवताना कुठली शिंपीण माया ठेवत नाही? भिकाऱ्याची बायकोसुद्धा ठेवते. पोर वाढतं! हे पोर वाढणारच नाही, असं ठरवून ठेवलंय त्यांनी."

तिला सगळं लख्ख दिसलं. सेनापती आणि चुलतराजे यांचं वैर आता शेवटाला आलं होतं. गादीवर जो बसेल त्याच्यावर सेनापतीची माणसं तुटून पडणार. तेव्हा आधी एक उपरं पोर बसवायचं. ते मरेल, त्याच्या खुनापायी सेनापतीला फासावर द्यायचं, आणि रान मोकळं झालं की, जुनं वस्त्र कापलंच गेलंय म्हणून, स्वतःच्या मुलाला नवंकोरं शिवून गादीवर बसवायचं. चुलतराजांना उतारवयात झालेला एकुलता एक मुलगा होता, बाळराजे. आई नाही. बाप त्याला वाऱ्यालाही लागू देत नसे. रिळ्याच्याच वयाचा. तो जिन्यावरून चोरून शिवणाच्या खोलीत यायचा, रिळ्या धोबिणीकडून आला की त्याच्याबरोबर रिकाम्या रिळांचे मनोरे रचायचा आणि शिंपिणीला आजी म्हणायचा. त्याचे सगळे कपडे तिनेच शिवले होते.

पहिले दोन-तीन दिवस तिने कापडाला हात लावला नाही. खिडकीतून जेवण यायचं, आणि वन्सं आधी वास घेऊन बघायची.

"वासाने काय कळणार आहे?" शिंपीण म्हणायची.

"न कळू दे. नाकाला तेवढंच काम."

खाली चौकात रोज दुपारी हसण्याचा आवाज यायचा. दोघी सुया हातात धरून त्या आवाजाची वाट बघायच्या. आला की वन्सं म्हणायची, "आहे बाई आहे." मग एका दुपारी आवाज आला नाही. कुत्री मात्र भुंकत होती, कितीतरी वेळ, कुणी चेंडू फेकत नाही म्हणून. मग त्यांनाही कुणीतरी आत नेलं. थोड्या वेळाने मोठी घंटा वाजायला लागली आणि महालभर बायकांचं रडणं सुरू झालं. पहारेकऱ्याने खिडकीतून सांगितलं, राजेसाहेब विहिरीत पाय घसरून पडले.

"त्यांच्या चौकात विहीर कुठे आहे?" वन्सं म्हणाली.

"तुम्ही तोंड आवरा," शिंपीण म्हणाली आणि तिने कापड पुढ्यात ओढलं.

ती कापायला लागली. पहिल्या कात्रीला वन्संने डोळे मिटून घेतले. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, वहिनी, काळ सोकावतो. आज वस्त्र कापलं, उद्या कुणी काहीही कापेल." तुकडे पहारेकऱ्याच्या हाती चुलतराजांकडे गेले. त्यांना तुकडे हवे होते, तुकडे मिळाले. वस्त्राला मात्र शिंप्याच्या घराखेरीज सभेपूर्वी कुणी हात लावायचा नाही अशी रीत होती, आणि राज्याचे तीन-तीन राजे गिळणारी माणसंसुद्धा ती रीत मोडायला धजत नव्हती. शिंपिणीची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

कात्री लागल्याच्या तिसऱ्या दिवशी वन्सं काजं करता करता थांबली. "वहिनी, दोन्ही बाह्या सारख्या बेतल्यात तुम्ही."

"हो."

"आणि खांदा अरुंद. हे रिळ्याचं माप नाही."

"नाहीच."

"मग कुणाचं?" वन्संने कापड हाताने मोजलं, आणि तिच्याही बोटांना ओळख पटली. ती दचकून मागे सरकली. "वहिनी! बाळराजांचं? अहो, त्या लेकराने काय घोडं मारलंय तुमचं?"

"त्याला कोण बसवतंय गादीवर?" शिंपीण म्हणाली. "बाप बसवेल? बाप त्याला पायरीसुद्धा चढू देणार नाही. रिळ्याला हे बसणार नाही, सभा म्हणेल वस्त्राने नाकारलं, सभा मोडेल आणि रिळ्या घरी येईल. एवढंच मला हवंय."

"मग बाळराजांच्याच मापाचं कशाला? नुसतं वेडंवाकडं शिवा."

शिंपिणीने सुई थांबवली. "मला वेडंवाकडं शिवता येत नाही. हाताला एक अंग लागतं, वन्सं. डोळ्यांसमोर कुणीतरी उभं लागतं."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. मनात थोडं विषही होतं. तुझं पोर मऊ गादीवर झोपलंय आणि माझं मरायला काढलंस होय? मग तुझ्या पोराच्या मापाची कात्री मी चालवते, बघ कसं वाटतं. तेवढ्याने तिला जरा बरं वाटत होतं. त्या पोराचा चेहरा समोर आला की मात्र ती जोरजोरात टाके घालायची.

राज्याभिषेकाच्या सकाळी कडी निघाली. सभागृह माणसांनी भरलं होतं, आणि एवढी माणसं असून कुणी खोकतसुद्धा नव्हतं. गादीच्या पायऱ्यांपाशी एका बाजूला सेनापती उभा, धिप्पाड, हसरा; दुसऱ्या बाजूला चुलतराजे, बाळराजांचा हात आपल्या उरलेल्या तीन बोटांत धरून. मध्ये सभेचा वडील. त्याला धड दिसायचं नाही, पण वस्त्र बसलं की नाही ते ठरवायचा मान त्याचा.

मग रिळ्याला आणलं. न्हाऊमाखू घातलेला, केस चापून बसवलेले, आणि डोळे रडून सुजलेले. चुलतराजांनी खणखणीत आवाजात सांगितलं, हा मधल्या राजाचा मुलगा, आजवर गुप्त ठेवलेला. सभेत कुजबुज झाली. रिळ्याने शिंपिणीला बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"आजी!"

"गप," ती ओठ न हलवता म्हणाली. "हात वर कर."

तिने वस्त्र उचललं. वन्संने मागून सावरलं. वस्त्र त्याच्या रुंद खांद्यांवर ताणलं, आणि डावा हात बाहीत गेला तो बाहेर आलाच नाही. वडिलाने दंड पुढे केला. रिळ्याने बाहीच्या आतून तो धरायचा प्रयत्न केला. दंड निसटला आणि दगडी फरशीवर घरंगळत गेला.

"बोटं दाखव, बाळ," वडील म्हणाला.

रिळ्याने उजव्या हाताने बाही मागे ओढायला घेतली.

"हात लावायचा नाही. नुसती बोटं दाखव."

बोटं दिसली नाहीत. वडिलाने तीनदा विचारलं, तीनदा वाट बघितली, आणि मान हलवली. "वस्त्राने नाकारलं."

शिंपिणीचा जीव भांड्यात पडला. तिने चटाचट वस्त्र उतरवलं आणि रिळ्याला पाठीशी घातलं. चुलतराजांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, पण बोलणार काय? माप दुसरं दिलं होतं म्हणायचं, तर राजा जिवंत असताना माप दिलं हे कबूल करावं लागत होतं. हे तिने आधीच हेरून ठेवलं होतं. तिला वाटलं, जिंकले.

"असं रिकाम्या हाताने कसं उठायचं?" सेनापती म्हणाला. अगदी गोड आवाजात. "वस्त्र लहान अंगाचंच झालंय. घराण्यात लहान अंग आणखी एक आहे की. चुलतराजे, तुमचे बाळराजे. त्यांना घालून बघू."

चुलतराजांचा चेहरा पांढराफटक पडला. "तो आजारी आहे," ते म्हणाले.

"ठणठणीत दिसतोय," सेनापती म्हणाला. "की घराण्याच्या गादीला तुमची ना आहे?"

सगळी सभा चुलतराजांकडे बघत होती. ना म्हणणं म्हणजे गादीचा अपमान; त्याची शिक्षा काय ते त्यांनीच ठरवलेलं होतं. त्यांची तीन बोटं सुटली. बाळराजे पुढे आले आणि शिंपिणीकडे बघून ओळखीचं हसले.

"आजी, मला पण?" त्यांनी विचारलं.

हे शिंपिणीच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. कात्री, सुई, दोरा, गाठी सगळ्याचा विचार केला होता तिने. सेनापतीलाही बोलता येतं, एवढं मात्र विसरली होती. वस्त्राचे खांदे लहान झाले असतील, फुगला असेल पोरगा या दिवसांत, असं ती मनात म्हणत राहिली. वस्त्र त्याच्या अंगावर पाण्यासारखं उतरलं. कुठे ताण नाही, कुठे झोळ नाही. बाहीतून पाच गोरी बोटं बाहेर आली आणि त्यांनी दंड घट्ट धरला. असं बसलेलं वस्त्र त्या सभेने कधी पाहिलंच नव्हतं.

"वस्त्राने घेतलं," वडील म्हणाला, आणि सभागृहात जयजयकार उठला. सेनापती सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. जयजयकाराने पोर घाबरलं आणि बापाकडे बघून रडायला लागलं.

शिंपीण रिळ्याचा हात धरून मागच्या दाराने निघाली होती. जिन्यापाशी पहारेकऱ्यांनी तिला अडवलं आणि एका लहानशा खोलीत नेलं. तिथे चुलतराजे भिंतीला टेकून उभे होते. एका तासात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. शिंपीण त्यांच्या पायांवर पडली.

"माझी मान घ्या. पोराला जाऊ द्या."

"उसवता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वस्त्र. दरवर्षी अभिषेकाच्या दिवशी ते पुन्हा घालावं लागतं. पोर वाढेल. येईल ना उसवता?"

तिला रडू फुटलं. "उसवून आत काही नाही, चुलतराजे. तुम्हीच कापायला सांगितलंत."

ते खाली बसले. त्यांनी तोंड हातांत घेतलं आणि ते रडायला लागले. शिंपिणीला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. रिळ्या तिच्या पदराआड उभा राहून त्या रडणाऱ्या मोठ्या माणसाकडे बघत होता.

"वर्षाचं नंतर बघू," शेवटी ते म्हणाले. "आधी आजचा दिवस निघायला हवा. सेनापतीची माणसं स्वयंपाकघरात आहेत. किती, कोण, मला माहीत नाही. माझ्या मुलाच्या ताटातला पहिला घास रोज तुझा नातू खाईल."

"नाही!"

"ऐक. मी सुडाने बोलत नाही." त्यांचा आवाज अगदी मवाळ होता. "मी दुसरा कुणी ठेवला तर त्याला पैसे चारतील. पण तुझा नातू असला, की तू स्वयंपाकघरात पाय रोवून उभी राहशील. प्रत्येक दाणा निवडशील, पाणी स्वतः भरशील, मुंगी आत शिरू देणार नाहीस. माझ्या पोराला याहून चांगली राखण कुठे मिळेल?"

"मग मीच खाते पहिला घास. मी खाते, चुलतराजे. म्हातारी आहे, गेले तर गेले."

"म्हणूनच नको," ते म्हणाले. "तुला मरायची भीती नाही. ज्याला भीती नाही त्याच्या घासावर मी कसा विश्वास ठेवू?"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तिने पाय धरले, शिव्या दिल्या, पुन्हा पाय धरले. काही उपयोग झाला नाही.

दुपारचं पहिलं जेवण. शिंपिणीने भात स्वतः निवडला, स्वतः धुतला, पाणी स्वतः ओढलं, दूध डोळ्यांसमोर काढून घेतलं. आचाऱ्यांना चुलीपासून हाकलून दिलं. वन्सं दारात उलथनं घेऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. तरी ताट नेताना लांबलचक ओसरी होती, वळणं होती, पडदे होते, आणि वळणावर दोन वेळा कुणीतरी शिंपिणीला धक्का देऊन पुढे गेलं. ती थांबून ताटाकडे बघायची. दूधभात होता तसाच दिसत होता. दूधभात नेहमी तसाच दिसतो.

दोन्ही पोरं शेजारी शेजारी बसली होती. बाळराजांचं रडणं थांबलं होतं, रिळ्या सोबतीला आहे म्हणून. रिळ्याला तर आपला मानच झाला असं वाटत होतं.

"मी आधी खाणार," तो म्हणाला. "राजाच्याही आधी."

"छोटा घास घे," शिंपीण म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "छोटा रे. अजून छोटा."

त्याने घास घेतला, चावला, गिळला. चुलतराजे खांबाशी उभे होते आणि श्वास रोखून त्याच्या गळ्याकडे बघत होते. बाळराजांनी ताटाकडे हात नेला, तर शिंपिणीने तो मध्येच अडवला.

"थांबा. एवढ्यात नाही."

"किती थांबायचं, आजी? भूक लागली."

तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने रिळ्याचं मनगट पकडलं आणि नाडी शोधत, त्याच्या ओठांचा रंग, डोळे, कपाळ बघत बसून राहिली.

"आजी," रिळ्या म्हणाला आणि त्याने तोंड वाकडं केलं, "दुखतंय."

चुलतराजांनी झेप घेऊन आपल्या मुलाला ताटापासून मागे ओढलं. दारात वन्संच्या हातातून उलथनं पडलं.

"कुठे?" शिंपीण किंचाळली. "कुठे दुखतंय? सांग ना रे, कुठे?"

"हात," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "तू किती घट्ट धरलायस."